सहा पेड, बारा टोके

माहूरच्या दत्तशिखराला नेमाने जाणारा भाविक एकदा तरी गिरनार करायचे म्हणतोच. नांदेड-लातूरकडून गिरनारला जाणाऱ्या माणसांना आता एक सोय झाली आहे. २४ ऑक्टोबर २०२० पासून भवनाथच्या तळेटीपासून अंबाजीच्या मंदिरापर्यंत रोपवे चालतो. त्याची लांबी सुमारे २.३ किलोमीटर. अंबाजीपुढे दत्ताच्या शिखरापर्यंत पायऱ्या चढाव्याच लागतात, तरी गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तेवढा आधारही फार मोठा. पाळण्यात बसलेले लोक खाली दरी बघतात, वर शिखर बघतात, फोटो काढतात. ज्या पोलादी दोरावर सगळा भार आहे, त्याच्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही. गेली, तर एक साधा प्रश्न पडायला हवा. हा दोर सुरू कुठून होतो आणि संपतो कुठे?

अशा रोपवेत तो संपतच नाही. खालच्या स्थानकातल्या मोठ्या चाकाला वळसा घालून दोर वर जातो, वरच्या चाकाला वळसा घालून परत खाली येतो आणि दिवसभर एकाच दिशेने फिरत राहतो. मार्ग २.३ किलोमीटरचा, म्हणजे दोर साडेचार किलोमीटरहून जास्त. कारखान्यातून मात्र तो भल्यामोठ्या रिळावर गुंडाळून येतो, आणि तेव्हा त्याला दोन टोके असतात. ती दोन टोके डोंगराच्या पायथ्याशी, उघड्यावर, माणसांनी हातांनी एकत्र करायची असतात. या कामाला स्प्लायसिंग म्हणतात. जगातले सगळे गोंडोला आणि फिरत्या खुर्च्यांचे रोपवे अशा सांध्यांवर चालतात. एरवी फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे कसब मराठवाड्यातल्या माणसाला मुळातून समजू शकते, कारण त्याचे तत्त्व आपल्याकडे घरोघरी, गोठ्यागोठ्यात वापरले गेले आहे. ते कसे, ते पुढे येईलच.

आधी अडचण नीट लक्षात घेऊ. गोंडोलाचा पाळणा दोराला पकडीने धरलेला असतो. स्थानकात शिरताना ही पकड सुटते, पाळणा हळू होतो, माणसे उतरतात-चढतात आणि बाहेर पडताना पकड पुन्हा दोराला चावा घेते. कुठे, ते ठरलेले नसते. त्या क्षणी दोराचा जो भाग समोर असेल तो. म्हणजे सांधाही समोर येऊ शकतो. शिवाय मधल्या खांबांवरच्या कितीतरी चाकांवरून तो सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने धावणार. म्हणून सांध्याची जागा बाकीच्या दोराइतकीच गोल, जवळपास तेवढीच जाड आणि तेवढीच लवचीक हवी.

गाठ मारणे यातच बाद होते. गाठ चाकावरून जाणार नाही, आणि गाठीत दोराची निम्मी ताकदही जाऊ शकते. मग वेल्डिंग का नको? पोलाद आहे, जोडा तापवून. इथे पोलादाविषयी थोडे सांगायला हवे. घर बांधताना आपण जी टीएमटी सळई आणतो, तिच्यावर बहुधा एफई ५०० असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की एक चौरस मिलिमीटर छेदावर साधारण ५० किलो भार आला की ती कायमची ताणली जायला लागते. दोराची तार मात्र तेवढ्याच छेदावर १८० ते २०० किलो वजन पेलते. ही ताकद तारेला जास्त कर्बाच्या पोलादामुळे आणि थंड अवस्थेत ओढण्यामुळे मिळते. जाड तार लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांमधून एकामागून एक ओढून काढतात. त्या ओढण्यात पोलादाची आतली घडण लांबट आणि घट्ट होते. अशी तार वेल्डिंगने लाल होईपर्यंत तापवली की ती घडण मोडते आणि सगळी मेहनत त्या दोन-चार सेंटिमीटरपुरती वाया जाते. बाकी पाच किलोमीटर दोर कितीही भक्कम असो, तुटायचा तिथेच. चिकटद्रव्य एवढा भार घेऊन वाकत-वळत वर्षानुवर्षे टिकणार नाही.

गाठ नको, आच नको, चिकटवणे नको. मग उरते काय? घर्षण.

हे उदगीरकडे बघून समजून घेता येते. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. देशात हे काम करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. झेंड्याचे खादी कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणले जाते. त्या कापडाचा एक धागा उकलून पाहा. कापसाचा तंतू जेमतेम एक इंचाचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने आपल्या भागाला चांगली वाणे दिली, ‘नांदेड ४४’ हे त्यातले एके काळी शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले संकरित वाण. पण वाण कोणतेही असो, तंतू इंच-दीड इंचापलीकडे जात नाही. त्या इंचभर तंतूंपासून मैलोन्‌मैल सूत निघते, ते एकमेकांना कशाने जोडलेले असते? फक्त पिळाने. सूत ताणले की पिळातले तंतू आतल्या बाजूला दाबले जातात, दाबल्यामुळे एकमेकांना घट्ट धरतात आणि निसटत नाहीत. जेवढा ताण जास्त, तेवढी पकड घट्ट. आणि सगळे तंतू एकाच जागी संपत नाहीत. एक संपतो तिथे शेजारचे वीस चालू असतात. चरख्यावर सूत तुटले तर सूत कातणारी बाई दोन टोके एकमेकांवर थोडी लांब ठेवून पीळ देते, तेही याच हिशेबाने.

पोलादी दोराचा सांधा अगदी याच दोन गोष्टींवर उभा आहे. ताणामुळे येणारा आतला दाब, आणि टोके एका जागी न येऊ देता लांबवर विखुरणे. आपल्या गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणाऱ्या मातंग कारागिरांनाही हे पाठ होते. अंबाडी किंवा घायपाताचा वाख घेऊन पेड वळताना वाख संपत आला की नवा वाख आधीच आत सोडायचा, आणि तिन्ही पेडांत नवा वाख एकाच ठिकाणी येऊ द्यायचा नाही. मोटेचा नाडा असा वळलेला असे. बैलजोडी पाण्याने भरलेली मोट ओढत धावेवरून उतरायची तेव्हा सगळा भार त्या नाड्यावर यायचा. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात किंवा मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आज नायलॉनचे कासरे आणि दावी जास्त दिसतात. वाखाचा दोर वळणारे हात कमी होत चालले आहेत. त्या हातांना जे कळत होते ते अभियांत्रिकीच्या पुस्तकात आलेले आहे, पण त्या माणसांना अभियंत्यांच्या शेजारी मान मिळाला नाही, ही गोष्ट मला फार लागते.

आता प्रत्यक्ष काम. रोपवेचा फिरता दोर बहुधा सहा पेडांचा असतो. प्रत्येक पेडात अनेक तारा, आणि सहा पेडांच्या मधोमध एक गाभा. गाभा जुन्या दोरांत तागासारख्या तंतूंचा असे, आता बहुतेक प्लास्टिकचा. सहाच पेड का, हे बघायला सात सारखी नाणी घ्यावीत. एक मध्ये ठेवले की भोवती बरोबर सहा बसतात, ना फट ना दाटी. म्हणजे मधल्या गाभ्याची जाडी आणि बाहेरच्या पेडाची जाडी जवळपास सारखीच. ही भूमितीची देणगी आहे, आणि सांध्याची सगळी युक्ती तिच्यावर आहे. गाभा काढून त्या जागी पेड बसवला तरी दोर बाहेरून तसाच गोल राहतो.

सांध्याची लांबी दोराच्या जाडीच्या किमान १,२०० पट ठेवायची, असा दंडक आहे. दोर ४० मिलिमीटर जाड असेल तर सांधा ४८ मीटर लांब. हा आकडा पहिल्यांदा वाचणारा थबकतो. मनगटाहून बारीक दोराच्या जोडासाठी सोळा मजली इमारतीच्या उंचीएवढी लांबी! अशा दोराचे वजन मीटरला जवळपास सहा किलो भरते, म्हणजे एकट्या सांध्याच्या लांबीचा दोर पावणेतीन क्विंटलचा. तो हलवायला, उचलून धरायला, फिरवायला बरीच माणसे लागतात. आधी दोर भक्कम चिमट्यांनी दोन्हीकडून आवळून धरतात, ताण त्या चिमट्यांवर घेतात आणि मधला भाग सैल करून जमिनीवर घेतात. मग मोजमाप. खडूच्या आणि चिकटपट्टीच्या खुणा. सांधणारा मुख्य कारागीर या मोजण्याला सर्वांत जास्त जपतो. एकदा पेड कापला की तो परत लांब होत नाही.

दोन्ही टोके २४-२४ मीटरपर्यंत उकलतात. सहा पेड या बाजूचे, सहा त्या बाजूचे. मधला गाभा तेवढ्यापुरता कापून टाकतात आणि दोन्ही बाजूंचे पेड एकाआड एक असे एकमेकांत शिरवून टोके घट्ट भिडवतात. आता मजा सुरू होते. डावीकडच्या दोराचा एक पेड मागे मागे उकलत न्यायचा आणि त्याची जी नागमोडी खाच रिकामी होईल तिच्यात उजवीकडच्या दोराचा जोडीदार पेड बसवत जायचे. एक माणूस उकलतो, दुसरा लगेच मागून भरतो. पेडाला कारखान्यात दिलेला वळसा त्याच्या अंगात मुरलेला असतो, त्यामुळे तो रिकाम्या खाचेत आपसूक बसतो. फक्त त्याचा पीळ हातातून सुटू द्यायचा नाही. अशा सहा जोड्या. तीन डावीकडे न्यायच्या, तीन उजवीकडे, आणि प्रत्येक जोडी वेगळ्या अंतरावर थांबवायची. शेवटी ४८ मीटरवर सहा ठिकाणी, सारख्या अंतराने, डावा पेड आणि उजवा पेड समोरासमोर येतात. प्रत्येक ठिकाणी दोन मोकळी टोके बाहेर लोंबत असतात. एकूण बारा.

या बारा टोकांचे काय करायचे, तिथे खरे कसब लागते. प्रत्येक टोक काही मीटर लांब ठेवलेले असते. भेटीच्या जागी दोन्ही पेड एकमेकांना ओलांडून जातात आणि मग दोन विरुद्ध दिशांना दोराच्या पोटात शिरतात. त्यासाठी सहा पेडांच्या मधे एक जाड पोलादी टोच्या घुसवून दोर उघडतात. तेवढ्या भागातला गाभा बाहेर ओढून कापतात. मग टोच्या दोराभोवती पिळाच्या दिशेने गोल फिरवत पुढे नेतात. तो पुढे सरकतो तसे बाहेरचे पेड क्षणभर फाकतात, एका बाजूने गाभा निघत जातो आणि दुसऱ्या बाजूने पेडाचे टोक त्या जागी आत पडत जाते. मागे पेड पुन्हा मिटतात. लाकडी हातोड्याने ठोकून ती जागा गोल करतात. हे चांगले जमलेले असेल, तर कुठे पेड आत गेला ते दोरावर बोट फिरवूनच कळते.

टोक आत टाकण्याआधी त्याच्यावर पट्टी गुंडाळतात किंवा नळीसारखे आवरण चढवतात. याला दोन कारणे आहेत. आतला पेड गाभ्यापेक्षा किंचित बारीक पडला, तर बाहेरच्या पेडांना आतून आधार मिळत नाही. ते एकमेकांवर घासतात आणि दाब आतल्या टोकावर पुरता पोहोचत नाही. आवरणाने जाडी भरून निघते. दुसरे, पोलादावर पोलाद ग्रीसमध्ये सहज घसरते, पट्टीमुळे पकड वाढते. जाडी जास्त झाली तरी पंचाईत, कारण फुगलेली जागा चाकांवर आपटते आणि तिथल्या तारा लवकर झिजतात. एक मिलिमीटर इकडे, एक तिकडे. पुस्तक एवढ्यापर्यंत आणून सोडते, पुढचे हाताने शिकायचे.

आणि मग दोर ताणला जातो. सहा पेड आवळतात, पोटात शिरलेली टोके चिणली जातात. ४० मिलिमीटरचा असा दोर तुटायला साधारण शंभर टनांचा भार लागतो. प्रत्यक्षात त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापलीकडे त्याला ताणत नाहीत. सांध्याच्या कोणत्याही जागी पाहिले, तर सहापैकी जास्तीत जास्त एकाच पेडाची अदलाबदल चाललेली असते, बाकी पाच अखंड असतात. म्हणून नीट केलेला सांधा दोराच्या ताकदीला जवळपास धक्का लावत नाही. पहिले काही दिवस चालल्यावर मात्र तो पुन्हा तपासतात, कारण ताणाखाली पेड बसतात आणि भेटीच्या जागा किंचित हलू शकतात.

गावच्या दोरात आणि रोपवेच्या दोरात एक फरक आहे, तो सांगून ठेवतो. आपल्याकडे दोर वळताना पेडाचा पीळ एका दिशेचा आणि दोराचा उलट दिशेचा असतो. दोन्ही पीळ एकमेकांना अडवतात, म्हणून दावे सोडले तरी उसवत नाही. रोपवेच्या फिरत्या दोरांत बरेचदा दोन्ही पीळ एकाच दिशेचे असतात. १८७९ मध्ये जॉन लँग या इंग्रज माणसाने या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे प्रत्येक तार दोराच्या पृष्ठभागावर जास्त लांब उघडी राहते, झीज पसरून होते आणि दोर जास्त लवचीक बनतो. पण असा दोर मोकळा सोडला की गरगर फिरून उकलायला बघतो. दोन्ही टोके धरून ठेवणे भाग. ज्याला टोकच नाही अशा वेढ्यात हा दोष आपोआप झाकला जातो. सांधताना मात्र तो फिरू नये म्हणून माणसांना डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते.

मुळात तारांचा दोर कशासाठी आला? १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्झ डोंगरात, क्लाउस्थालच्या खाणींवर विल्हेल्म अल्बर्ट हा अधिकारी होता. खनिज वर काढायला तेव्हा साखळ्या किंवा तागाचे दोर असत. ताग ओलाव्यात कुजायचा. साखळीची एक कडी निखळली की सगळे खाली, आणि ती निखळण्याआधी काही इशारा मिळत नसे. अल्बर्टने लोखंडी तारा हाताने पिळून दोर केला, तीन पेडांचा, प्रत्येक पेडात चार तारा. यात एक तार तुटली तर बाकी भार घेतात. इतकेच नव्हे, तुटलेली तार थोडे पुढे गेल्यावर घर्षणाने पुन्हा पकडली जाते आणि आपला वाटा उचलायला लागते. दोर तुटण्याआधी तारा एकेक करून तुटतात, बाहेर टोचतात, दिसतात. दोर सूचना देतो. पुढे १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्याखाली अखंड फिरणारा दोर घालून अँड्र्यू हॅलिडीने ट्राम चढावर ओढल्या. हॅलिडी स्वतः तारदोर बनवणारा कारखानदार होता. आज हे दोर आपल्याकडेही बनतात. रांचीची उषा मार्टिन हे जुने नाव, आणि महाराष्ट्रात भारत वायर रोप्सचा कारखाना जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला आहे.

महाराष्ट्रात रोपवे म्हटले की रायगड. हिरकणीवाडीतून निघणारा, पुण्याच्या जोग इंजिनिअरिंगने उभारलेला हा रोपवे १९९६ पासून चालतो. त्याची रीत वेगळी आहे. एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात, दोर अखंड गोल फिरत नाही. २०१८ मध्ये वणीच्या सप्तशृंगगडावर सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीचे डबेही उतरत्या रुळांवरून दोराने ओढले जातात. अशा ये-जा करणाऱ्या यंत्रणेत लांब सांध्यापेक्षा दोराच्या टोकाला जास्त महत्त्व येते, कारण ते टोक डब्याला अडकवायचे असते. दोराच्या टोकाच्या तारा झाडूसारख्या पिंजारून, स्वच्छ करून पोलादी शंकूत घालतात आणि त्यात वितळलेला जस्ताचा धातू किंवा राळ ओततात. ते थिजले की टोक पाचरीसारखे घट्ट होते.

गेल्या काही वर्षांतल्या दोन मोठ्या दुर्घटना या टोकांशी संबंधित आहेत. २३ मे २०२१ रोजी इटलीतल्या मोत्तारोने डोंगरावर ओढदोर डब्याजवळच्या टोकाशी तुटला. डबा थांबवणारा आणीबाणीचा ब्रेक लागू नये म्हणून तो अडकवून ठेवलेला होता. १४ माणसे गेली. ३ सप्टेंबर २०२५ रोजी लिस्बनच्या ग्लोरिया उतारावरची ट्राम सुटली, १६ माणसे गेली. प्राथमिक तपासात दिसले, की दोर डब्याशी जोडला होता त्या जागी निसटला, आणि तो दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणितच नव्हता. शंकूच्या तोंडाशी दोर सतत वाकतो, आत पाणी मुरते, गंज चढतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून टोकाचा तुकडा ठरावीक काळाने कापून टाकून नव्याने धातू ओतायचा असतो. चालू दोर, चांगला दिसणारा दोर कापायचा, हे व्यवस्थापनाला जिवावर येते. पण कापायलाच हवा.

लांब सांधा त्या मानाने उघडा असतो, रोज डोळ्यांसमोरून जातो. त्याच्या आतले बघायला चुंबकीय तपासणी आहे. दोराभोवती यंत्र बसवून तो भाग जोरदार चुंबकित करतात आणि दोर हळूहळू त्यातून सोडतात. तार तुटलेली असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर फुटतात आणि आलेखावर टोक उमटते. सांधा आला की सहा भेटीच्या जागांचे सहा उंचवटे ओळीने दिसतात. मागच्या वर्षीचा आलेख शेजारी ठेवला, की काय बदलले ते कळते. आपल्या देशात धनबादची केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था खाणींच्या आणि रोपवेच्या दोरांची अशी तपासणी करते.

माहूरला रेणुकादेवीच्या गडावर रोपवेची मागणी जुनी आहे. आता तिथे लिफ्ट आणि स्कायवॉकचा मार्ग धरला आहे. लिफ्टही पोलादी दोरांवरच टांगलेली असते, एकावर नाही, अनेक दोरांवर. त्यांना सांधा चालत नाही. दोर खराब झाला की पूर्ण बदलायचा. म्हणजे मराठवाड्यातल्या भाविकांचा भार उद्या तारदोरांवर येणारच आहे, आणि ते बघणारी माणसे इथलीच असायला हवीत. नांदेड आणि लातूरच्या आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर शिकवतात. त्यांच्याच जोडीला तारदोर हाताळणे, सांधणे, तपासणे हा छोटा अभ्यासक्रम का नसावा? ज्यांच्या घरात दोर वळण्याची परंपरा आहे, त्या तरुणांनी तिथे पुढे यावे आणि शिकवायलाही उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

पण एवढ्यासाठी डोंगराची वाट बघायचे कारण नाही. लातूर, नांदेडच्या शिवारात दरवर्षी उन्हाळ्यात विहिरी खोदल्या जातात. काठावर यारी उभी असते, इंजिनावर तारदोर फिरतो आणि दहा-बारा परस खाली मजूर लोखंडी डब्यात दगड-मुरूम भरत असतात. तोच डबा त्यांनाही खाली-वर नेतो. त्यांच्या डोक्यावरच्या दोराची चुंबकीय तपासणी कोणी करत नाही. तारदोरांची निवड आणि देखभाल कशी करावी याचे भारतीय मानक आहे, आयएस ३९७३. ते यारीवाल्यापर्यंत पोहोचलेले नाही. वास्तविक रोज सकाळी दहा मिनिटे पुरतात. हातात चामडी मोजे घालायचे, जुने सुती फडके दोराभोवती धरायचे आणि दोर अगदी हळू सोडायचा. तुटलेली तार असेल तिथे फडके अडकते. एकाच वितीत तीन-चार ठिकाणी अडकले, किंवा दोर कुठे मोडल्यासारखा वाकलेला, चपटा किंवा गंजून बारीक झालेला दिसला, तर त्या दोराने माणूस उतरवायचा नाही.

आणि डब्याच्या बाजूचे टोक. तिथे सहसा दोर वळवून लोखंडी यू-क्लिपा आवळलेल्या असतात. क्लिपेला दोन भाग असतात, एक खाचा असलेले बूड आणि एक वाकवलेला बोल्ट. बूड नेहमी भार घेणाऱ्या लांब दोराच्या बाजूला हवे आणि बोल्ट आखूड, मोकळ्या शेपटाच्या बाजूला. उलटे बसवले, तर बोल्ट भाराच्या दोराला चेचतो. एक सुलटी, एक उलटी अशा क्लिपा अनेक यारींवर दिसतात, बघायला नीटस वाटतात, पण ती चूक आहे. क्लिपा किमान तीन, जाड दोराला त्याहून जास्त, आणि दोन क्लिपांमध्ये दोराच्या जाडीच्या सहा-सात पट अंतर. १२ मिलिमीटरच्या दोराला साधारण आठ सेंटिमीटर. वळणाच्या आत लोखंडी खोबणी हवी, म्हणजे दोर चुरगळत नाही. पहिला भरलेला डबा वर काढल्यावर सगळे नट पुन्हा आवळायचे, कारण ताणाखाली दोर बारीक होतो आणि सकाळी घट्ट वाटलेली क्लिप तासाभरात सैल झालेली असते.